सात घरे, सात वार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा आढावा असतो, जमाखर्च असतो, देणगीदारांचे आभार असतात. त्याच्या जोडीला आपल्या समाजाच्या इतिहासातील एखादा विषयही भगिनींपुढे यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. विषय आहे एकाकी वृद्धांचा. आणि त्यातही वयामुळे, आजारामुळे किंवा अधूपणामुळे ज्यांना घराचा उंबरा ओलांडता येत नाही, अशांचा. हा तर आजचा प्रश्न, याला इतिहास कोठला, असे कोणी म्हणेल. परंतु माणसाच्या घरी जाऊन त्याला आधार देण्याची रीत आपल्याकडे होती. ती वृद्धांसाठी नव्हती, एवढेच. ती कशी चालली, कोठे उणी पडली आणि तिच्यातून आज काय घेता येईल, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

समाजसेवेचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो, तो बहुतेक इमारतींचा इतिहास असतो. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली अनाथ व पंगू लोकांसाठी गृह निघाले. ते आज ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. अशा संस्थांनी कितीएक निराधारांना छप्पर दिले, यात शंका नाही. पण संस्थेत आलेल्या माणसाची नोंद होते, न आलेल्याची होत नाही. जो आपल्याच घरात, आपल्याच माणसांत राहून एकटा पडला, त्याची गणती कोणत्याच वहीत झाली नाही. घरी जाऊन केलेल्या मदतीला कोनशिलाही नसते. म्हणून हा इतिहास थोडा शोधूनच पाहावा लागतो.

पूर्वी एकत्र कुटुंब होते, त्यामुळे म्हातारी माणसे सुखात होती, असे आपण सहज बोलून जातो. यात काही सत्य आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. एक तर वृद्ध माणसे संख्येने थोडी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षांचे होते. बालमृत्यू फार होत म्हणून हा आकडा इतका खाली होता हे खरे. तरीही साठी गाठणारी माणसे आजच्या मानाने कमीच होती. १९६१ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक सुमारे अडीच कोटी होते. २०११ च्या जनगणनेत ते दहा कोटींच्या वर गेले, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक भरल्या.

दुसरे असे की, भरलेल्या घरातही माणूस एकटा पडत असे. विशेषतः विधवा स्त्री. तिला अन्नवस्त्र मिळे, कामही भरपूर मिळे. पण शुभकार्याला तिने पुढे यावयाचे नाही, सकाळी कोणाच्या समोर पडावयाचे नाही. वय झाले, हातून काम होईनासे झाले की माजघराच्या मागची एखादी अंधारी खोली तिच्या वाट्याला येई. घरात पंधरा माणसे आणि तिच्याशी बोलावयास एकही नाही, अशी स्थिती अपवादाने नव्हे, सर्रास होती. तेव्हा मोठे कुटुंब म्हणजे सोबत, असे समीकरण मांडून आपण आजच्या सुनांना व मुलांना दोष देत बसलो, तर प्रश्नाच्या मुळाशी जाणार नाही. माणसे घरात किती आहेत, यापेक्षा दारात येऊन आपले नाव घेणारे कोणी आहे की नाही, हे महत्त्वाचे असते.

आता त्या जुन्या रीतीकडे वळू. ‘वार लावून जेवणे’ ही चाल आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकली असेल. खेड्यातला गरीब मुलगा शहरात शिकावयास येई. खाणावळीचे पैसे त्याच्याजवळ नसत. मग कोणी ओळखीचे गृहस्थ त्याला घरोघर घेऊन जात आणि ‘या मुलाला आपल्याकडे एक वार द्या’ अशी विनंती करीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सातही वार लागले की मुलाचे जेवण भागले. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी माधुकरी मागावयाची किंवा उपास काढावयाचा. आपल्याकडील कितीतरी नामवंत विद्वानांच्या चरित्रांत या वारांचे उल्लेख सापडतात.

या चालीतील शहाणपण नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, भार वाटला गेल्यामुळे तो कोणालाच जड होत नसे. आठवड्यातून एक पान जास्त वाढणे ही बेताच्या संसारातल्या बाईलाही झेपणारी गोष्ट होती. दुसरी गोष्ट, दिवस ठरलेला होता. मुलाला दारात उभे राहून आशाळभूतपणे विचारावे लागत नसे. गुरुवार हा त्याचा हक्काचा वार असे, आणि गृहिणीलाही भाताचा अंदाज आधीच ठाऊक असे. तिसरी गोष्ट, येणारा चेहरा ओळखीचा होता. एखाद्या गुरुवारी मुलगा आला नाही तर ‘का बरे आला नसेल? तापाने तर पडला नाही?’ असे त्या घरी कोणाच्या तरी मनात येई. म्हणजे जेवणाबरोबर त्याला आपली विचारपूस करणारी सात घरेही मिळत.

पण या चालीचे दोषही झाकून ठेवता कामा नयेत. कित्येक घरी वाराच्या मुलाला वेगळे बसवीत, शिळे वाढीत, जेवणाच्या बदल्यात पाणी भरावयास व धाकट्यांना सांभाळावयास लावीत. ज्यांनी वार जेवून शिक्षण घेतले, त्यांच्या मनात कृतज्ञता राहिली तशी अपमानाची एक सलही राहिली. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे ही चाल जातीच्या कुंपणात होती. ज्या समाजात सुस्थितीतली व शिकलेली घरे होती, त्याच समाजातील मुलांना वार मिळत. बहुजन समाजातील किंवा अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाला वार देणारे घर कोठून मिळावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कोल्हापुरानेच दिले. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविले, आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे या शहरात उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे, तर अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी निघालेले मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते याचमुळे. याच जिल्ह्यातील कुंभोज गावी जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यास बोर्डिंग चालविले, आणि मुलांच्या पोटासाठी घरोघरच्या बायकांकडून मूठ-मूठ धान्य गोळा केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगातील मुलांसाठी आपले दागिनेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले, ही हकीगत सर्वांना ठाऊक आहे. दळण घेऊन बसणाऱ्या बाईने रोज एक मूठ बाजूला काढावी आणि त्यातून शंभर मुलांचे जेवण व्हावे, ही कल्पना वाराच्या कल्पनेचीच बहीण होय. थोडे, पण नेमाने. आणि पुष्कळांनी मिळून.

मुलांच्या बाबतीत वाराची जागा वसतिगृहाने घेतली, हे योग्यच झाले. मूल चालत येऊ शकते, नव्या जागी रुळते, चार सोबत्यांत वाढते. वृद्धाचे मात्र नेमके उलट असते. त्याचे पाय थकलेले, डोळे अधू, कान जड. पण आपल्या घरातील प्रत्येक कोपरा त्याला हाताने ठाऊक असतो. न्हाणीघराची पायरी किती उंच, देवघराची कडी कोणत्या बाजूला, दूधवाला कोणत्या वेळी येतो, हे सारे अंगवळणी पडलेले असते. त्याच बळावर तो अर्ध्या दृष्टीनेही दिवस ढकलतो. त्याला तेथून उचलून परक्या जागी नेले की ते बळ एका दिवसात जाते. ज्यांना खरोखरच कोणी नाही त्यांना वृद्धाश्रम हवेत, त्यांत कमीपणा काही नाही. परंतु ज्याला आपल्या घरी राहावेसे वाटते त्याच्यासाठी वसतिगृहाचा मार्ग उपयोगी नाही. त्याच्यासाठी जुना वाराचाच मार्ग बरा. फरक एवढाच की, पूर्वी मुलगा सात घरी जाई. आता सात घरांनी एका वृद्धाच्या घरी जावयाचे.

कोंडलेल्या माणसाला सोबत पुरविण्याचे एक उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे, तेही सांगण्यासारखे आहे. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव राजकुमार शिवाजी यांचे १९१८ साली शिकारीत अपघाती निधन झाले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी त्या वेळी अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. राजघराण्यातील विधवेचे पुढचे आयुष्य म्हणजे पडदा आणि चार भिंती, हे ठरलेलेच होते. महाराजांनी ते मानले नाही. सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. आणि शिक्षक नेमून ते थांबले नाहीत, तर बरोबर शिकावयास इतर मुलीही ठेविल्या. शोक झालेल्या मुलीला पुस्तकाइतकीच सोबतिणींची गरज आहे, हे त्या पित्याने ओळखले. इंदुमती राणीसाहेबांनी पुढे या शहरातील स्त्रीशिक्षणाच्या कार्यास हातभार लाविला. १९७१ साली त्यांचे निधन झाले. राजवाड्यातील गोष्ट सामान्यांना कशी लागू पडेल, असे वाटेल. परंतु सोबत ही देखील एक व्यवस्था आहे, ती कोणीतरी विचारपूर्वक लावून द्यावी लागते, हे तिच्यातून शिकण्यासारखे आहे.

पुण्याच्या रमाबाई रानडे यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाल्यावर त्यांनी जवळजवळ वर्षभर स्वतःला घरात कोंडून घेतले होते. त्यातून त्या बाहेर पडल्या त्या इतरांच्या भेटीस जाण्यासाठीच. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटावयास त्या नेमाने जात. इस्पितळातील रोग्यांसाठी फळे, फुले, पुस्तके घेऊन जात. सुधारगृहातील मुलांकडे सणासुदीला खाऊ नेत. १९०९ साली पुणे सेवासदन उभे राहिले आणि तेथून स्त्रिया शुश्रूषेचे शिक्षण घेऊन बाहेर पडू लागल्या. रमाबाई १९२४ साली वारल्या. त्यांच्या कामातील ‘नेमाने’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. सणाला एकदा फळे वाटणे पुष्कळांना साधते. पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाणे थोड्यांना साधते. भेटणाऱ्याला एखाद्या वेळी जाऊन आल्याचे समाधान पुरे होते, पण वाट पाहणाऱ्याला पुढच्या भेटीचा दिवस माहीत असावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने वृद्धांसाठी काय केले, तेही थोडक्यात पाहू. कारण भगिनींना त्याची माहिती असणे उपयोगाचे आहे. आपल्या राज्यघटनेने वृद्धापकाळी साहाय्य देण्याचे तत्त्व मार्गदर्शक म्हणून स्वीकारले आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध वा अशक्त आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलाबरोबर मुलीवरही टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आईबापांना पोटगी मागण्याची सोय झाली, आणि ही जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात दिला. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. निराधारांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तशीच श्रावणबाळ योजनाही आहे. या योजनांची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार रुपये करण्यात आली. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक २०२१ पासून देशभर सुरू झाला आहे.

कायद्याने पैसे मिळतील, पण आपुलकीने बोलणारे माणूस मिळणार नाही, हे उघड आहे. तरी सरकारच्या वागण्यात एक बदल होत आहे तो लक्षात घ्यावा. पूर्वी प्रत्येक कामासाठी वृद्धानेच कचेरीत जावे लागे. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी कापऱ्या पायांनी बँकेच्या पायऱ्या चढणारे आजोबा आपण पाहिले आहेत. आता अंगठ्याच्या ठशावर हा दाखला घरबसल्या देता येतो, आणि २०२० पासून टपाल खात्याच्या बँकेचा माणूस त्यासाठी घरीही येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच मत देता आले; निवडणुकीचे कर्मचारी मतपत्रिका घेऊन त्यांच्या दारी गेले. एका मतासाठी सरकार जर जिना चढून वर येते, तर एका माणसासाठी शेजाऱ्याने वर चढावयास काय हरकत आहे?

परदेशांतही या दिशेने पुष्कळ काम झाले आहे. इंग्लंडमध्ये १९३८ साली लेडी रीडिंग यांनी स्त्रियांची एक स्वयंसेवक संघटना उभी केली. उद्देश होता विमानहल्ल्यांच्या वेळी मदत करण्याचा. युद्ध संपले, पण त्या बायका घरी बसल्या नाहीत. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गरम जेवण नेऊन देण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालविले. जपानात १९१७ साली ओकायामा येथे आणि १९१८ साली ओसाका येथे वस्तीतल्याच विश्वासू माणसाकडे आसपासची काही घरे सोपविण्याची पद्धत सुरू झाली. १९४८ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. आज तेथे दोन लाखांहून अधिक स्वयंसेवक हे काम पाहतात; त्यांना पगार नसतो. आपल्या देशात केरळ राज्याने याबाबत आघाडी घेतली. १९९३ साली कोळिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनासाठी एक संस्था निघाली, आणि तिच्यातून गावोगावच्या शेजाऱ्यांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची चळवळ वाढली. २००८ साली त्या राज्याने ते आपले धोरण म्हणून स्वीकारले.

एवढे करूनही एकाकीपण कमी झालेले नाही. इंग्लंडने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या प्रश्नासाठी खास मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाचतो, आणि त्यापायी होणारे मृत्यू वर्षाला आठ लाखांच्या वर जातात. म्हणजे ही केवळ मनाची खंत नव्हे. ती शरीराला लागणारी व्याधी आहे.

आता आपल्या शहराकडे पाहू. कोल्हापुरात पेठापेठांतून जुनी घरे आहेत. अरुंद जिने, उंच पायऱ्या, खाली दुकान आणि वर राहती जागा. गुडघे धरले की अशा घरातील माणूस माडीवरच अडकतो. उपनगरांत नवी घरे झाली, तेथे जिना सोपा आहे. पण शेजारी कोण राहते ते कित्येकांना ठाऊक नसते. मुले पुण्यास, मुंबईस, बंगळुरास किंवा परदेशी नोकरीला आहेत. त्यांचा रोज फोन येतो, पैसे येतात, चित्रासकट बोलणे होते. त्यांना निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. पण फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणणारी आई दोन दिवस चूल न पेटविता चहा-बिस्किटावर आहे, हे त्यांना दिसत नाही. ते शेजारणीलाच दिसू शकते. तसेच जेथे सून किंवा लेक रात्रंदिवस सासूची वा आईची सेवा करते, तेथे ती सेवा करणारीही हळूहळू घरात कोंडली जाते. तिला तासभर मोकळे करणे हीदेखील वृद्धाची सेवाच होय.

पुराने आपल्याला याबाबत कठोर धडा दिला आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. अशा वेळी धडधाकट माणसे गाठोडे घेऊन बाहेर पडतात. अंथरुणावरच्या माणसाला दोघातिघांनी उचलावे लागते. त्यासाठी कोणत्या घरात, कोणत्या मजल्यावर असे माणूस आहे, हे आधी ठाऊक हवे. आपल्याकडे पेठेपेठेला तालीम आहे, तरुण मंडळे आहेत. उचलणारे हात पुष्कळ आहेत. पण दार कोणते ठोठवावयाचे, हे त्या हातांना नेमाने जाणारी बाईच सांगू शकेल. पाणी दारात आल्यावर यादी करता येत नाही.

म्हणून आमची भगिनींना विनंती आहे की, मंडळाने या वर्षापासून हा उलटा वार सुरू करावा. त्याला इमारत नको, मोठा निधी नको. आपल्या गल्लीतील एक घराबाहेर न पडणारी व्यक्ती, मग ती आजी असो वा आजोबा. आणि त्यांच्यासाठी सात घरे. प्रत्येक घराचा एक वार. त्या वारी त्या घरातील कोणीतरी ठरलेल्या वेळी तासभर जाऊन यावे. स्वतः जाता आले नाही तर मुलाला किंवा मुलीला पाठवावे. तेही जमले नाही तर निदान आधी निरोप द्यावा. वाट पाहावयास लावून न जाणे, हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट.

जुन्या वारात जे दोष होते, ते मात्र या नव्या वारात येऊ देऊ नयेत. यासाठी काही गोष्टी अनुभवी भगिनी सांगतात त्या अशा. पहिल्या भेटीस दोघींनी मिळून, घरच्यांना विचारून जावे. ‘आम्ही मदतीला आलो’ असे न म्हणता ‘बसावयास आलो’ म्हणावे. उपकाराची भाषा स्वाभिमानी माणसाला बोचते. पैशांचे व्यवहार, दागिने, बँकेची पुस्तके यांना हात लावू नये. तशी गरजच दिसली तर त्यांच्या मुलांना कळवावे. औषधाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बदलू नयेत. संपत आल्या असतील तर तेवढे घरी सांगावे. कान जड असतील तर समोर बसून सावकाश बोलावे. देवधर्माचा किंवा पथ्याचा उपदेश करू नये. बहुतेक वृद्धांनी तो आपल्यापेक्षा जास्त ऐकलेला असतो. जेवण नेले तर त्यांना रुचेल, चावेल असे न्यावे, आणि भांडे परत देताना त्यांनी चिमूटभर साखर त्यात घातली तर ती आनंदाने घ्यावी. रिकामे भांडे परत करू नये, ही आपली रीतच आहे. वृद्धांनाही काहीतरी द्यावेसे वाटते. ते घेण्याने त्यांचा मान राहतो.

देण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ असते. जात्यावरच्या ओव्या, चटणीसाठी मसाला कुटण्याची प्रमाणे, जुन्या पेठांतील घराण्यांची नाती, पंचगंगेच्या घाटाच्या आठवणी, पहिल्या बोलपटाच्या वेळची गर्दी. या गोष्टी विचारल्या तर ज्या आजी ‘मला काही आठवत नाही’ म्हणतात, त्याच अर्धा तास बोलतात. शाळकरी मुलीला वहीत ते उतरवून घ्यावयास सांगावे. मुलीचा तो अभ्यास होईल आणि आजींचा वार कधी येतो, याची वाट दोघीही पाहू लागतील. स्वयंपाक करावयास वा सांभाळावयास ठेवलेल्या बाई त्या घरात असतील तर त्यांच्याशीही दोन शब्द बोलावेत. त्यांच्या हातावरच पुष्कळ वृद्धांचा दिवस अवलंबून असतो.

शेवटी एक गोष्ट जरा परखडपणे सांगणे प्राप्त आहे. घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांत स्त्रिया अधिक, आणि त्या स्त्रियांत विधवा पुष्कळ. नवरा वयाने मोठा असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. आता आपल्या मंडळांचे वर्षभरातील मोठे कार्यक्रम कोणते? संक्रांतीचे हळदीकुंकू, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, मंगळागौर. म्हणजे जिला सोबतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच आपण आमंत्रणाच्या यादीतून वगळीत आलो. ज्या बाईने सवाष्ण असताना मंडळात वर्षानुवर्षे कामे केली, तीच पती गेल्यावर संक्रांतीला दार लावून आत बसते. पायांत बळ असूनही तिचे घराबाहेर पडणे तेव्हापासून कमी होते, आणि पुढे पायही थकतात. घरकोंडीची सुरुवात अनेकदा अशी होते.

याही बाबतीत आपल्याच जिल्ह्याने वाट दाखविली आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा आपल्या संस्थानात केला. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ४ मे २०२२ रोजी, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या विधवेवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्याच्या ग्रामसभेला जे सुचले ते शहरातील शिकलेल्या मंडळाला जड जाऊ नये. हळदीकुंकवाचे ताट सर्वांपुढे फिरावे. आणि जिला येथवर येता येत नाही, तिच्याकडे तिळगूळ आणि वाण घेऊन दोघीजणींनी जावे. ज्यांना कुंकू लावून घ्यावयाचे नसेल त्यांनी लावून घेऊ नये. पण आमंत्रण मात्र कोणाचे चुकू नये.

वार लावून जेवलेल्या मुलांनी पुढे या महाराष्ट्रात शाळा काढल्या, ग्रंथ लिहिले, संस्था चालविल्या. त्यांना वाढणाऱ्या बायकांची नावे बहुतेक कोठे लिहिलेली नाहीत. त्यांनी मोठे कार्य म्हणून काही केले नव्हते; गुरुवारी एक पान जास्त वाढले होते, इतकेच. आपल्या मंडळाच्या सभासदसंख्येला सातांनी भागून पाहिले तर किती घरांना वार लागू शकतील, याचा हिशेब प्रत्येकीला तोंडी करता येईल. सभेच्या दिवशी कार्यालयात एक कोरी वही ठेवण्याचे योजिले आहे. तिच्या प्रत्येक पानावर सात ओळी असतील. ज्या भगिनींना आपल्या गल्लीतील एखादे घर ठाऊक असेल त्यांनी ते सांगावे, आणि आपल्याला झेपेल त्या वारापुढे आपले नाव लिहावे.